यादवी युद्धानंतरची शांतता कशाने टिकते? आपल्या भागातून ‘यूएन मिशन’वर गेलेल्या जवानांच्या निमित्ताने

मलप्रभा (धागाकर्ती)

बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि पलीकडे चंदगड या पट्ट्यात फौजेत कोणीच गेलेले नाही, असे गाव शोधावे लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आपल्याच शहरात असल्यामुळे काश्मीर आणि सियाचीन ही नावे इथल्या घराघरांत सहज बोलली जातात. त्याच घरांतले काही जण ‘यूएन मिशन’ करून आले, निळी टोपी घातलेला त्यांचा फोटो भिंतीवर लागला, आणि बहुतेक ठिकाणी विषय तिथेच थांबला. ते ज्या देशात गेले तिथे आधी काय घडले होते, त्यांच्याकडे कोणते काम सोपवले होते आणि ते परतल्यानंतर त्या देशाचे पुढे काय झाले, हे सांगणारे सलग लेखन मराठीत फार थोडे आहे. मी पदवीच्या वर्गांना आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते आणि माझ्या वर्गातली बरीच मुले फौजी घरांतली आहेत. प्रामुख्याने त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडते. यादवी थांबवणारा करार हत्यारबंद गटांच्या नेत्यांमध्ये होतो. ती शांतता टिकणार की नाही हे मात्र पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठरते, आणि ते ठरवणारे प्रश्न अगदी रोजच्या जगण्यातले असतात: बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला पोट भरण्याचे साधन मिळाले का, पळून गेलेल्या कुटुंबाला घर-जमीन परत मिळाली का, पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचा धीर सर्वांना होतो का. बाहेरच्या देशांना या गोष्टी परस्पर करून देता येत नाहीत. त्या होईपर्यंत पुन्हा गोळीबार सुरू होऊ नये, एवढी मुदत मात्र ते मिळवून देऊ शकतात, आणि ती मुदत पुरेशी लांब ठेवण्यातच जग वारंवार कमी पडले आहे.

अंगोला आणि मोझांबिक यांच्याकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की हे लक्षात येते. दोन्ही पोर्तुगालच्या वसाहती, दोन्ही १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्या, आणि दोन्हीकडे सत्ताधारी पक्ष व बंडखोर सेना यांच्यात वर्षानुवर्षे युद्ध चालले. अंगोलात मे १९९१ मध्ये बिसेस येथील करार झाला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक घेण्यात आली. दोन्ही सेना विसर्जित करून एक सेना उभी करायची असे कागदावर ठरले होते, पण मतदानाच्या दिवशी दोघांच्याही फौजा बऱ्याच अंशी तशाच उभ्या होत्या. एवढ्या विस्तीर्ण देशात संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक होते सुमारे साडेतीनशे. अध्यक्षपद हाच सत्तेचा एकमेव वाटा होता. पहिल्या फेरीत मागे पडलेले बंडखोरांचे नेते जोनास साविंबी यांनी निकाल नाकारला, युद्ध पुन्हा पेटले, क्विटोसारखी शहरे वेढ्यात उद्ध्वस्त झाली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले जाईपर्यंत ते खऱ्या अर्थाने संपले नाही.

मोझांबिकचा करार रोम येथे ४ ऑक्टोबर १९९२ रोजी झाला. सांत एजिदिओ या कॅथलिक सेवासंघाने तो जुळवून आणला होता. अंगोलातला वणवा डोळ्यांसमोर असल्यामुळे इथे घाई टाळली गेली. निवडणूक १९९३ मध्ये व्हायची होती. सैनिकांचे विसर्जन झाले नव्हते म्हणून ती वर्षभर पुढे ढकलून ऑक्टोबर १९९४ मध्ये घेतली. काही हजार शांतिसैनिक तैनात झाले, त्यांत भारतीयही होते. ९० हजारांहून अधिक सैनिकांना घरी पाठवण्यात आले आणि त्यांना दोन वर्षे नियमित रक्कम मिळेल अशी व्यवस्था दात्या देशांच्या पैशातून केली गेली. रेनामो या बंडखोर संघटनेला राजकीय पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी वेगळा निधी काढला, त्यात इटलीचा वाटा मोठा होता. बंडखोरांना पैसा द्यावा का, हा नैतिक प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मला स्वतःला तो खर्च योग्य वाटतो, कारण ज्या नेत्याला जंगल सोडून राजधानीत कार्यालय थाटायचे आहे त्याच्याकडे कार्यालयाचे भाडेही नसते. पंधरा लाखांहून अधिक निर्वासित त्या देशात परत आले.

या विषयाचा आपल्या शहराशी एक संबंध आवर्जून सांगण्यासारखा आहे. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी असलेले नंबियार मार्च १९९२ पासून वर्षभर युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्र सेनेचे पहिले प्रमुख होते. पुढे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी नेमलेल्या उच्चस्तरीय समितीचे ते सदस्य झाले. युद्धातून बाहेर पडणाऱ्या देशांकडे करारानंतर सलग लक्ष ठेवणारी यंत्रणाच संयुक्त राष्ट्रांकडे नाही, असे त्या समितीने डिसेंबर २००४ मध्ये सांगितले आणि त्या शिफारशीवरून डिसेंबर २००५ मध्ये पीसबिल्डिंग कमिशन (शांतता-उभारणी आयोग) स्थापन झाले. बुरुंडी आणि सिएरा लिओन हे त्याच्यापुढे आलेले पहिले दोन देश.

ज्यांनी अशी मोहीम केली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त सुभेदार

ताई, विषय काढलात, बरे वाटले. मी काँगोत उत्तर किवू प्रांतात होतो. भारतीय ब्रिगेडचे मुख्यालय गोमा शहरात होते आणि आमची कंपनी मासिसीच्या डोंगराळ भागात एका तळावर होती. तिथे आपल्या जवानांचे काम युद्ध करण्याचे नव्हते. आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या बायांच्या पुढे-मागे गस्त ठेवणे, सरपणाला गेलेल्या मुलींची वाट मोकळी ठेवणे, रात्री गावातून फोन आला की गाडी घेऊन पोहोचणे, असे ते काम होते. गावोगावी काही लोकांना फोन दिलेले असत आणि आमच्या तळावर स्थानिक भाषा जाणणारे काँगोली साहाय्यक असत. त्या साहाय्यकांशिवाय आम्ही आंधळे होतो, हे मी कोणत्याही व्यासपीठावर सांगेन. जंगलातून एखादा बंडखोर बंदूक घेऊन आमच्या तळावर शरण येई, त्याची नोंद करून पुढे पाठवावे लागे. त्यांतले काही इतके लहान होते की त्यांच्याकडे पाहून जेवण जात नसे.

मला जे कळले ते असे. २००२ मध्ये मोठ्या नेत्यांचे करार झाले, २००६ मध्ये निवडणूक झाली, आणि जगाने गृहीत धरले की काँगोचे युद्ध संपले. मासिसीतले भांडण मात्र राजधानीतल्या भांडणाचे नव्हतेच. बेल्जियमच्या राजवटीत मळ्यांवर काम करण्यासाठी रवांडातून माणसे आणून तिथे वसवली होती. मूळ हुंडे समाजाचे म्हणणे, जमीन आमच्या मुखियांची. आलेल्यांचे म्हणणे, आम्ही तीन पिढ्या कसतो आहोत. कुरण कोणाचे, उतारा कोणाच्या नावावर, गुरे कोणाच्या शेतात शिरली, यावरून गावे पेटत आणि मग प्रत्येक बाजू एखाद्या हत्यारबंद टोळीचा आसरा घेई. हे वाद सोडवायला बसणारी, कागद पाहणारी, दोघांना मान्य होईल अशी माणसे आमच्या मोहिमेत अगदी मोजकी होती. बंदुका पुष्कळ होत्या.

नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ या गटाने गोमा घेतले. त्यानंतर २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने थेट कारवाईचा अधिकार असलेली वेगळी ब्रिगेड पाठवली, तेव्हा तो गट हटला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गटाने गोमा पुन्हा घेतले. लोकांचा धीर सुटणे मी समजू शकतो. जुलै २०२२ मध्ये बुटेम्बो येथे जमावाने तळावर हल्ला केला आणि सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान त्यात गेले. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांनाच आपण नकोसे झालो, हे मला आजही जड जाते.

राजहंसगड

सुभेदारसाहेब, आपल्या सेवेला मनापासून नमस्कार. तरीही मूळ प्रश्न मला विचारायचाच आहे. बाहेरच्यांनी शांतता आणता येते, हा विश्वासच कशाच्या आधारावर ठेवायचा? रवांडात ऑगस्ट १९९३ मध्ये अरुशा येथील करार झाला होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठीच संयुक्त राष्ट्रांची सेना किगालीत होती. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने ती वाढवण्याऐवजी सुमारे अडीच हजारांवरून २७० पर्यंत कमी करण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातले स्रेब्रेनिका हे संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेले ठिकाण पडले आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे मारले गेले, तेव्हा डच तुकडी तिथे हजर होती.

आपल्या घराजवळचे उदाहरण श्रीलंकेचे. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना गेली आणि मार्च १९९० मध्ये परतली तेव्हा जवळपास १,२०० जवान कायमचे गेले होते. माझ्या सासऱ्यांनी तो काळ जाफन्यात काढला आहे आणि ते त्याविषयी बोलत नाहीत. पुढे २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली, तीही मोडली, आणि २००९ मध्ये युद्ध संपले ते एका बाजूच्या पूर्ण पराभवाने आणि असंख्य नागरिकांच्या मृत्यूने. ज्या समाजाला लढायचेच आहे त्याला बाहेरचे रोखू शकत नाहीत, आणि ज्याला थांबायचे आहे तो आपण होऊन थांबतो, असे माझे मत आहे.

मलप्रभा

रवांडा आणि स्रेब्रेनिका यांबद्दल आपल्या एका शब्दालाही माझा विरोध नाही. दोन्ही ठिकाणी सैनिक होते, पण त्यांना अधिकार, संख्या आणि पाठबळ दिलेले नव्हते. अल्जीरियाचे लाखदार ब्राहिमी यांच्या समितीने २००० मध्ये हेच स्पष्टपणे नोंदवले: जिथे टिकवण्यासारखी शांतताच नाही तिथे तटस्थ निरीक्षक पाठवू नयेत, आणि पाठवायचेच असतील तर नागरिकांचे रक्षण करण्याची कुवत देऊन पाठवावे. आज बहुतेक मोठ्या मोहिमांना नागरिकांच्या रक्षणाचा अधिकार लेखी दिलेला असतो, तो या मृत्यूंनंतर.

श्रीलंकेचे उदाहरण मी वेगळे ठेवीन. ती संयुक्त राष्ट्रांची मोहीम नव्हती, दोन सरकारांमधला करार होता, आणि जो पक्ष लढत होता त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने त्यावर सहीच केली नव्हती. शिवाय शांतिसेना काही आठवड्यांतच युद्धातला एक पक्ष बनली.

‘थांबायचे असेल तो आपण होऊन थांबतो’ या विधानाशी मात्र मी सहमत नाही. यादवीत दोन्ही बाजू थकलेल्या असतात आणि तरीही थांबू शकत नाहीत, कारण जो आधी बंदूक ठेवील तो मारला जाण्याची भीती असते. दोन देशांचे युद्ध संपले की दोघांच्या सेना आपापल्या सीमेमागे जातात. इथे दोघांना एकाच देशात, बहुतेक वेळा एकाच गल्लीत राहायचे असते. बार्बरा वॉल्टर या अभ्यासकांनी या अडचणीवर बरेच काम केले आहे. व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी शीतयुद्धानंतरच्या अनेक युद्धबंद्यांचा अभ्यास केला तेव्हा शांतिसैनिक असलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा पेटण्याची शक्यता निम्म्याहून कमी आढळली, आणि ते सोप्या ठिकाणीच पाठवले जातात असेही नव्हते. एवढा आधार माझ्यासाठी पुरेसा आहे.

घटप्रभाकाठ

मी व्यवसायाने वकील आहे आणि दिवाणी दाव्यांत आयुष्य जात असल्यामुळे बोस्नियाकडे मी जमिनीच्या कागदांतून पाहते. तिथले युद्ध थांबवणाऱ्या, अमेरिकेतल्या डेटन येथे नोव्हेंबर १९९५ मध्ये ठरलेल्या आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सही झालेल्या करारात एक परिशिष्ट केवळ निर्वासितांच्या परतीसाठी आहे. देशातली निम्मी माणसे घराबाहेर पडली होती आणि एकाच्या घरात दुसरे, दुसऱ्याच्या घरात तिसरे कुटुंब राहत होते. सुरुवातीची काही वर्षे स्थानिक नगरपालिकांनी परतीचे अर्ज दाबून ठेवले. १९९७ मध्ये बॉन येथील बैठकीत कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीला कायदे लादण्याचे व अधिकाऱ्यांना पदावरून काढण्याचे अधिकार मिळाले, त्यानंतर गाडी हलली. दोन लाखांहून अधिक दावे आले आणि दशकभरात त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक निकाली निघून मूळ मालकाला ताबा मिळाला. आपल्याकडे वाटणीचा एक साधा दावा किती वर्षे चालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाची किंमत कळेल. अनेकांनी ताबा मिळताच घर विकले आणि ते आपल्या समाजाच्या बहुसंख्य भागात निघून गेले, हेही खरे आहे. तरी विकण्याचा अधिकार त्यांचा त्यांना मिळाला, कोणी हिसकावला नाही, यात मला न्याय दिसतो.

त्याच कराराची दुसरी बाजू मात्र खिन्न करणारी आहे. बोस्नियाचे संविधान म्हणजे डेटन कराराचेच चौथे परिशिष्ट. त्यात तीन सदस्यांचे अध्यक्षमंडळ आहे: एक बोस्नियाक (बोस्नियातले मुसलमान), एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा नागरिकाला त्या पदासाठी उभेच राहता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये हे भेदभावाचे ठरवले आणि इतकी वर्षे उलटूनही संविधान बदललेले नाही. ज्या तरतुदीने युद्ध थांबवले, तीच आता नवे राजकारण उभे राहू देत नाही, कारण प्रत्येक नेत्याला फक्त आपल्या समाजाची मते पुरतात.

शाळांचे तर अधिकच वाईट. मध्य बोस्नियात ‘एका छताखाली दोन शाळा’ अशी पद्धत आजही काही गावांत आहे. क्रोएट मुले एका दाराने, बोस्नियाक मुले दुसऱ्या दाराने. इतिहासाची पुस्तके वेगळी. सुरुवातीला परतलेल्या कुटुंबांच्या मुलांना निदान इमारतीत प्रवेश मिळावा म्हणून ही तात्पुरती सोय केली होती, ती कायमची झाली. यायत्से या गावात प्रशासनाने आणखी एक वेगळी शाळा काढण्याचे ठरवले, तेव्हा २०१६ आणि २०१७ मध्ये तिथल्या दोन्ही समाजांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आंदोलन केले आणि ती योजना बंद पाडली. बाहेरच्या तज्ज्ञांना वीस वर्षांत जे साधले नाही ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी करून दाखवले.

निपाणीकर

भाषा, शाळा, दोन समाज हे वाचताना आपल्या सीमाप्रश्नाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या करारांतून आपल्यासाठी काही घेता येईल का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

घटप्रभाकाठ

दादा, तुलना करताना मी फार सावध राहीन. आपला वाद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा आहे, त्यात आंदोलने झाली, माणसे गेली, दुःख आहे. तरीही तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयासमोर दावा म्हणून उभा आहे, आपण निवडणुका लढवतो, आणि आपल्या गल्लीतले कन्नड व मराठी शेजारी एकमेकांच्या लग्नकार्यांत असतात. त्याला यादवीच्या पंक्तीत बसवणे स्रेब्रेनिकातल्या मातांवर अन्याय करणारे होईल आणि आपल्या शेजाऱ्यांवरही.

अभ्यास म्हणून पाहायचे तर उत्तर आयर्लंड पाहावे. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने सार्वभौमत्वाचा, म्हणजे ब्रिटनमध्ये राहायचे की आयर्लंडला जोडायचे हा, प्रश्न सोडवला नाही. तो बहुमताने, शांततेच्या मार्गाने पुढे कधीतरी सुटेल, असे मान्य करून बाजूला ठेवला. मध्यंतरी तिथे जन्मलेल्या प्रत्येकाला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क दिला. बाहेरच्यांची भूमिका मर्यादित पण नेमकी होती: अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांनी वाटाघाटींचे अध्यक्षपद सांभाळले आणि कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलँ यांच्या आयोगाने शस्त्रे निकामी केल्याची खात्री केली. आयआरए या आयर्लंडवादी हत्यारबंद संघटनेची शस्त्रे पूर्णपणे निकामी व्हायला सप्टेंबर २००५ उजाडले, म्हणजे सात वर्षे गेली, आणि तेवढा काळ सर्वांनी धीर धरला. नव्या पोलीस दलात दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून केली गेली. माझ्या मते त्या शांततेचा खरा पाया हाच. आयरिश भाषेला अधिकृत मान्यता देणारा कायदा होण्यास मात्र २०२२ साल उजाडले. विधानसभा कित्येकदा बंद पडली, वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत. तरी माणसे मारली जाण्याचे सत्र थांबले.

जांबोटी

मी फौजी घरातली सून आहे आणि इतक्या वेळात बायांविषयी फक्त बाजाराच्या वाटेपुरते आले, म्हणून लिहिते. लायबेरियात चौदा वर्षांचे युद्ध २००३ मध्ये थांबले, त्यात तिथल्या स्त्रियांचा वाटा कोणत्याही सेनापतीपेक्षा कमी नव्हता. ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ दिवसेंदिवस बसत. वाटाघाटी घानातल्या अक्रा शहरात रेंगाळल्या, तेव्हा लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली त्या तिथे गेल्या आणि सभागृहाची दारे अडवून बसल्या. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. बोवी यांना २०११ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

या देशात २००७ मध्ये भारताने शंभरावर स्त्री पोलिसांची तुकडी पाठवली. केवळ स्त्रियांची अशी तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत प्रथमच गेली आणि एकामागून एक तुकड्या २०१६ पर्यंत तिथे राहिल्या. गणवेशातल्या या बाया रस्त्यावर दिसू लागल्यावर तिथल्या मुलीही पोलिसांत जाण्याचा विचार करू लागल्या. याच्या उलट बाजूचाही उल्लेख व्हायला हवा. बोस्निया, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा कित्येक ठिकाणी रक्षणासाठी गेलेल्या काही पुरुषांनीच तिथल्या बायका-मुलींचे शोषण केले, आणि त्यांच्यावर खटला चालवणे त्यांच्या मायदेशाच्या मर्जीवर राहिले. हा नियम बदलल्याशिवाय निळ्या टोपीवर कोणत्या आईने विश्वास ठेवावा?

निवृत्त सुभेदार

सूनबाई, आपण लिहिलेत ते एका फौजी माणसाला ऐकायला कठीण जाते, पण शब्दशः बरोबर आहे. असा माणूस पकडला गेला तर त्याची शिक्षा त्याच्या युनिटसमोर आणि ज्या गावात गुन्हा घडला तिथे कळली पाहिजे.

मला नेपाळविषयी थोडे सांगायचे आहे, कारण ते शेजारच्या देशाचे आणि माजी सैनिकांच्या कामाचे उदाहरण आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये दहा वर्षांच्या लढाईनंतर सरकार आणि माओवादी यांचा समग्र करार झाला. शस्त्रे ताबडतोब मोजून बंद करायची होती, पण संयुक्त राष्ट्रांची माणसे पोहोचायला वेळ लागणार होता. त्या मधल्या काळात भारतीय व ब्रिटिश सेनेतून निवृत्त झालेल्या शंभरावर गुरखा सैनिकांना शिबिरांवर नेमले. दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास होता. माओवाद्यांची हत्यारे कंटेनरमध्ये बंद झाली, किल्ली त्यांच्याच कमांडरकडे राहिली आणि राखण संयुक्त राष्ट्रांची. तितकीच हत्यारे नेपाळी सेनेनेही कुलूपबंद केली. किल्ली ज्याची त्याच्याकडे ठेवल्यामुळे कोणालाही शरण गेल्याची लाज वाटली नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले. ते अठ्ठावीस शिबिरांत पाच वर्षे अडकून पडले, कारण त्यांना सेनेत किती घ्यायचे यावर पक्षांचे एकमत होत नव्हते. अखेरीस सेनेत गेले चौदाशेच्या आसपास. बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठले. पेन्शनीत आलेल्या माणसाला एकरकमी पैसा किती दिवस पुरतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. आणि ज्यांची माणसे युद्धात बेपत्ता झाली त्यांची चौकशी करणारे आयोग स्थापन व्हायलाच २०१५ साल उजाडले.

राजहंसगड

नेपाळचे उदाहरण मला पटते, कारण तिथे करार घरच्यांनी केला आणि बाहेरच्यांनी फक्त कुलूप राखले. माझा आक्षेप अमर्याद मुदतीच्या मोहिमांना आहे. काँगोत शांतिसेना १९९९ पासून आहे. कोलंबियाने २०१६ मध्ये फार्क या बंडखोर संघटनेशी करार केला. जनमत कौलात तो अगदी थोड्या मतांनी हरला, मग सुधारून संसदेतून मंजूर करून घेतला. तिथे संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्र पडताळणी मोहीम आहे, सुमारे तेरा हजार माजी बंडखोरांची नोंद आहे, आणि कराराचा पहिलाच भाग भूमिहीनांसाठी तीस लाख हेक्टरांच्या भूनिधीचा आहे. जमीनवाटप मात्र रखडले आणि शस्त्रे ठेवलेल्या चारशेहून अधिक जणांचे नंतर खून झाले. पडताळणारे नोंद करतात, खून थांबत नाहीत. तेव्हा मुदत किती आणि कोणत्या कामासाठी, हे मोहीम पाठवतानाच लिहिले गेले पाहिजे.

मलप्रभा

कामाची यादी आधी लिहावी, हे मला मान्य आहे. तारीख आधी लिहू नये, एवढाच फरक आहे. तारीख ठरलेली असली की बंडखोर त्या तारखेची वाट पाहत बसतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण सिएरा लिओनचे, आणि तिथे भारतीय सैनिकांनी फार सोसले आहे.

जुलै १९९९ च्या लोमे करारात बंडखोर नेता फोडे सांको याला सरसकट माफी, उपाध्यक्षाचा दर्जा आणि देशाच्या खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद देण्यात आले, म्हणजे ज्या हिऱ्यांवर युद्ध चालले होते ते त्याच्याच हाती सोपवले. मे २००० मध्ये त्याच्या माणसांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरले. मेजर जनरल विजय जेटली यांच्या नेतृत्वाखाली जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून कैलाहून येथे वेढ्यात अडकलेल्या तुकड्या भारतीयांनी सोडवल्या. मोहीम तेव्हा गुंडाळली गेली असती तर आश्चर्य वाटले नसते. ब्रिटनने सैन्य उतरवले, संयुक्त राष्ट्रांनी आपली संख्या साडेसतरा हजारांपर्यंत वाढवली, आणि २००२ च्या सुरुवातीपर्यंत सत्तर हजारांहून अधिक लोकांची शस्त्रे जमा झाली.

त्यानंतरचा माघारीचा क्रम राजहंसगड यांनी मुद्दाम पाहावा. एखाद्या जिल्ह्यातून शांतिसैनिक हलवायचे तर तिथे स्थानिक पोलीस पोहोचले आहेत का, हिऱ्यांच्या खाणींवर सरकारचा ताबा आहे का, माजी बंडखोरांना प्रशिक्षण मिळाले आहे का, हे तपासले जाई, आणि नसेल तर मुक्काम वाढे. डिसेंबर २००५ मध्ये सैनिक गेले. त्यांच्या जागी लहान नागरी कार्यालय राहिले, पीसबिल्डिंग कमिशनने २००६ पासून देशाला आपल्या यादीत घेतले, २००७ मध्ये सत्ता विरोधी पक्षाकडे मतपेटीतून गेली. शेवटचे कार्यालय मार्च २०१४ मध्ये बंद झाले. गरिबी आणि तरुणांची बेकारी तिथे अजून मोठी आहे, पण ती यादवी पुन्हा पेटलेली नाही. कार्यालय बंद होण्याच्या आदल्याच वर्षी सिएरा लिओनने आपली स्वतःची बटालियन आफ्रिकी संघाच्या शांतिमोहिमेसाठी सोमालियात पाठवली होती.